भट्टीजवळची चक्कर आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अडकलेला क्लेम

इमर्जन्सीचे चार्ट कोड करायला, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून बिलासाठी निदान-उपचारांचे ठरलेले कोड लावायला, नव्याने बसलेल्यांसाठी हे लिहितेय. अमेरिकन हॉस्पिटलांचं काम करणाऱ्या कुठल्याही टीमच्या ग्रुपवर जून उजाडला की एकच प्रश्न फिरायला लागतो: पेशंट उष्णतेने चक्कर येऊन पडलाय, आर५५ (नुसती सिंकोप, म्हणजे शुद्ध हरपणं) लावू की टी६७.१ (उष्णतेने आलेली सिंकोप)? उत्तर ठरलेलं असतं, ‘डॉक्युमेंटेशन बघ.’ आता डॉक्युमेंटेशनमध्ये नेमकं काय बघायचं, ते नसेल तर कुणाकडे मागायचं आणि मागितल्यावर वाट किती बघायची, हे सांगायला कुणाला वेळ नसतो. माझ्याकडे २०२४ च्या जुलैत आलेला एक चार्ट ऑक्टोबरपर्यंत या ना त्या कारणाने पुन्हा पुन्हा समोर येत राहिला, त्यामुळे ही सगळी वाट मला एकाच केसमध्ये बघायला मिळाली. पेशंटची ओळख लागेल असं सगळं बदललंय. कोड, नियम आणि घटनांचा क्रम तेवढा आहे तसा ठेवलाय.

त्याआधी मी रेडिओलॉजी आणि क्लिनिक व्हिजिट करायचे. जूनमध्ये इमर्जन्सीच्या फॅसिलिटी टीममध्ये बदली झाली. फॅसिलिटी म्हणजे हॉस्पिटलचं बिल, यूबी-०४ फॉर्मवर जाणारं. डॉक्टरांच्या फीचं बिल दुसरी टीम करते. क्लायंटची हॉस्पिटलं अमेरिकेच्या नैऋत्येकडची, म्हणजे जिथे उन्हाळा चेष्टेचा विषय नसतो तिथली. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. तो उन्हाळा ज्यांनी चार्टांच्या या रांगेत काढला होता, ते कोडर हीटचे चार्ट बघून नुसते हसायचे. मला मात्र पहिले काही दिवस धडकीच भरली होती. क्लिनिकच्या चार्टमध्ये निदान एका ठिकाणी असतं. इमर्जन्सीत अँब्युलन्सवाला एक लिहितो, ट्रायाजची, म्हणजे आल्याआल्या तपासणारी, नर्स दुसरं, डॉक्टर तिसरं, आणि डिस्चार्जच्या कागदावर चौथंच छापून येतं.

ट्रेनिंगमध्ये टी६७ ची सगळी भावंडं एका बैठकीत उरकली. टी६७.० उष्माघात, ज्याचे ऑक्टोबर २०१९ पासून टी६७.०१, टी६७.०२ आणि टी६७.०९ असे तीन भाग झाले. टी६७.१ हीट सिंकोप. पुढे पेटके, मग हीट एक्झॉशनचे तीन प्रकार, पाणी कमी पडून झालेलं, मीठ कमी पडून झालेलं आणि कारण न लिहिलेलं, मग तात्पुरता थकवा, सूज, इतर. ही यादी पाठ करू नका, पुस्तक समोर असतं. त्यापेक्षा शरीरात काय होतं ते एकदा नीट वाचा, चार्ट वाचायचा वेग दुप्पट होतो.

उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यात माणूस बराच वेळ एका जागी उभा असेल, किंवा बसल्याजागेवरून झटकन उठला असेल, तर रक्त पायांत साठून राहतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, मेंदूचा पुरवठा क्षणभर घटतो आणि माणूस कोसळतो. कोसळला की आपोआप आडवा होतो, रक्त परततं, आणि थोड्याच वेळात तो भानावर येऊन ‘काय झालं?’ विचारतो. ही झाली हीट सिंकोप. अंगातलं पाणी कमी असेल किंवा शरीराला त्या उष्णतेची सवय झालेली नसेल तर ती लवकर येते. सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून नव्याने कामावर आलेले लोक जास्त पडतात. उष्माघाताचं चित्र वेगळं. तिथे आतलं तापमान साधारण १०४ फॅरनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं: असंबद्ध बोलणं, झटके, शुद्ध न येणं. आडवं करून तो बरा होत नाही. तेव्हा चार्ट उघडला की मी आधी तापमान, बेशुद्धीचा अवधी आणि शुद्धीवर आल्यावर पेशंट कसा बोलत होता, हे बघते. निदान मी ठरवत नाही. पण डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि आकडे एकमेकांशी बोलतायत का, एवढं कळायला हवं.

तो चार्ट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, शिफ्ट संपत आली असताना रांगेत आला. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातला कामगार, त्याच आठवड्यात नव्या लाइनवर आलेला. दुपारी काम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडला. सहकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे मिनिटभरात शुद्धीवर आला. जखम नाही. तोंडातलं तापमान ९९.४. आडवा असताना रक्तदाब ११२/७०, उभं केल्यावर ८८/६०. ईसीजी नॉर्मल, साखर नॉर्मल. एक लिटर सलाइन शिरेतून दिलं, बरं वाटलं, घरी सोडलं. ट्रायाजच्या नोंदीत नर्सने सरळ लिहिलं होतं, हीट सिंकोप. डॉक्टरांच्या निदानाच्या रकान्यात मात्र एवढंच: ‘सिंकोप, बहुधा उष्णतेमुळे. डिहायड्रेशन?’ आणि हिस्टरीत, ‘कामाच्या ठिकाणी गरम वातावरणात’.

चार्ट वाचून झाल्यावर कुणालाही वाटेल की टी६७.१ लावावा आणि पुढे जावं. गोष्ट तर स्पष्ट दिसतेय. पण आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे निदानाच्या कोडांच्या या पुस्तकाच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये ओपीडी आणि इमर्जन्सीसाठीचा नियम कडक आहे: ‘बहुधा’, ‘संशयित’, ‘शक्यता’, ‘च्याशी सुसंगत’ असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. जेवढं खात्रीने लिहिलंय तेवढंच, म्हणजे लक्षण. इथे खात्रीने फक्त ‘सिंकोप’ आहे, म्हणून आर५५. हाच पेशंट ॲडमिट झाला असता आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी हेच ‘बहुधा’ लिहिलं असतं, तर इनपेशंटच्या नियमाने टी६७.१ लागला असता. एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच वाक्यासाठी दोन नियम. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं, आणि मला विचाराल तर अजूनही वाटतं.

नर्सचं ‘हीट सिंकोप’ वापरता येत नाही, कारण निदान उपचार करणाऱ्या प्रोव्हायडरचंच लागतं. नर्सच्या नोंदीवरून घेता येतील अशा मोजक्या गोष्टी सूचनांमध्ये वेगळ्या दिल्यात, बीएमआय किंवा प्रेशर अल्सरची स्टेज अशा. हे त्यात बसत नाही. आणि रक्तदाबाचे आकडे बघून ‘उभं राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरलाय, मग ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, आय९५.१’ असं आपण ठरवणं तर अजिबातच चालत नाही. आकडे डॉक्टरांचे, अर्थही त्यांनीच लावायचा.

दोन्ही लावून मोकळं व्हावं म्हटलं तर तीही वाट बंद आहे. पुस्तकात आर५५ उघडा, खाली एक्सक्लूड्स१ ची यादी आहे आणि तिच्यात टी६७.१ नावासकट लिहिलाय. आय९५.१ सुद्धा आहे. म्हणजे हे कोड एकाच प्रसंगासाठी आर५५ बरोबर बसत नाहीत. कारण समजलं की लक्षणाचा कोड गळून पडतो. ज्या चार्टवर आर५५ आणि टी६७.१एक्सएक्सए शेजारीशेजारी दिसतील तो बिल पाठवण्याआधीच्या तपासणी सॉफ्टवेअरला अडकतो, आणि अडकायलाच हवा.

आर५५ लावून चार्ट पुढे ढकलला असता तर कोडिंगच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. अडचण सलाइनची होती. हायड्रेशनचा कोड ९६३६० (हा सीपीटीतला, म्हणजे उपचारांच्या कोडांच्या यादीतला) लावायचा तर शिरेतून पाणी द्यायची गरज का पडली हे निदानात दिसावं लागतं, आणि इथे डिहायड्रेशनपुढे प्रश्नचिन्ह होतं. शिवाय चार्टमधले सगळे धागे उष्णतेकडे बोट दाखवत असताना कारण अर्धवट लिहिलेलं. अशा वेळी क्वेरी पाठवायची असते, आणि माझी इमर्जन्सीतली ही पहिलीच क्वेरी.

क्वेरी म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. त्याचे नियम अहिमा आणि एसीडीआयएस या संस्थांनी मिळून लिहिलेल्या मार्गदर्शिकेत आहेत. २०२२ ची आवृत्ती आहे, एकदा बसून वाचाच. उत्तर सुचवायचं नाही. बिलावर किंवा पैशांवर काय परिणाम होईल याचा उल्लेखही करायचा नाही. चार्टमधले पुरावे तारीख-वेळेसह मांडायचे आणि पर्याय द्यायचे, ते पर्याय त्या पुराव्यांत बसणारे असावेत, आणि शेवटी ‘इतर’ व ‘सांगता येत नाही’ हे दोन असावेत. माझी क्वेरी साधारण अशी होती: पेशंट अमुक तारखेला सिंकोपसाठी आला. नोंदी: नव्या लाइनवर पहिला आठवडा, गरम वातावरण, तापमान ९९.४, आडवा ११२/७०, उभा ८८/६०, ईसीजी नॉर्मल, एक लिटर सलाइन. आपल्या वैद्यकीय मतानुसार सिंकोपचं कारण नमूद करता येईल का? हीट सिंकोप, ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शनमुळे सिंकोप, व्हॅसोव्हेगल सिंकोप, इतर, सांगता येत नाही. दुसरा प्रश्न, ‘डिहायड्रेशन?’ असं लिहिलंय, ते निश्चित झालं, बाद झालं, की सांगता येत नाही? तिसरा, गरम वातावरण म्हणजे हवामानाची उष्णता, की यंत्र-भट्टीची, की अन्य काही?

तिसरा प्रश्न टाकू की नको यावर माझा बराच वेळ गेला. उष्णतेच्या बाह्य कारणांचे कोड वेगवेगळे आहेत. निसर्गाच्या, हवामानाच्या उष्णतेला एक्स३०, माणसाने निर्माण केलेल्या उष्णतेला डब्ल्यू९२, आणि थेट सूर्यप्रकाशाचा वेगळा एक्स३२. एक्स३० च्या खाली डब्ल्यू९२ एक्सक्लूड्स१ मध्ये आहे. जुलै महिना, बाहेर आग ओकणारं ऊन, आणि कारखान्यात काच वितळवणारी भट्टी. पेशंट कशाने पडला? काच कारखाना म्हटल्यावर भट्टीच असणार, असं माझं मन सांगत होतं. पण तो मालधक्क्यावर उन्हात उभा असता तर? चार्टमध्ये ‘गरम वातावरण’ यापलीकडे काही नव्हतं. शेवटी टीम लीड म्हणाले, ‘विचारायचंच आहे तर एकदाच सगळं विचार. डॉक्टरांना दुसऱ्यांदा क्वेरी पाठवलीस तर ते तुझं नाव लक्षात ठेवतील, आणि चांगल्या अर्थाने नाही.’

त्याच रात्री क्वेरी गेली आणि चार्ट होल्डवर पडला. पहिले काही दिवस काहीच हालचाल नाही. आपण रात्री बसतो, ते दिवसा काम करतात, फोन करायची सोय नसते. सिस्टीममध्ये ‘प्रलंबित’ दिसत राहतं. दरम्यान होल्डवरच्या चार्टांचा रोजचा रिपोर्ट येतो आणि त्यात आपलं नाव असतं. त्या रिपोर्टचा मला फार त्रास झाला, विनाकारण. अडकलेला चार्ट म्हणजे कोडरची चूक नव्हे, पण रिपोर्टला ते कुठे माहीत असतं! एक व्यावहारिक गोष्ट: क्वेरी पाठवताना होल्डच्या शेऱ्यात ‘काय विचारलंय, कुणाला, कधी’ हे लिहून ठेवा. रिपोर्ट बघून कुणी विचारलं तर चार्ट पुन्हा उघडून वाचायची वेळ येत नाही. क्लायंटच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही की क्वेरी वरच्या पायरीवर, फिजिशियन ॲडव्हायझरकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या सल्लागार डॉक्टरकडे जाते. तशी ती गेली, तेव्हा कळलं की डॉक्टर रजेवर होते.

रजेवरून आल्यावर त्यांनी उत्तर दिलं: हीट सिंकोपसमोर टिक, डिहायड्रेशन निश्चित समोर टिक. मला हायसं वाटलं, पण लीडने लगेच थांबवलं. त्या हॉस्पिटलमध्ये क्वेरीचं उत्तर पुरेसं धरत नाहीत, चार्टमध्ये ॲडेंडम, म्हणजे डॉक्टरांनी मागाहून जोडलेली नोंद लागते. काही हॉस्पिटलांत क्वेरी हाच वैद्यकीय नोंदीचा कायमचा भाग असतो, काहींत नसतो. तुमच्या क्लायंटचं धोरण काय आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. पुन्हा निरोप, पुन्हा वाट. जुलै सरता सरता ॲडेंडम आलं, त्या दिवसाच्या तारखेचं, वेळेसह, सही केलेलं: ‘भट्टीजवळ बराच वेळ उभं राहिल्याने हीट सिंकोप. सौम्य डिहायड्रेशन, शिरेतून द्रव दिला.’ किती नेमकं! पहिल्याच दिवशी हे दीड वाक्य असतं तर… पण तिथे दुपारी कसली गर्दी असते तेही चार्ट वाचून कळतंच.

आता कोड. पहिला टी६७.१एक्सएक्सए. मधले दोन एक्स नुसते जागा भरायला, कारण सातवं अक्षर सातव्याच जागी बसावं लागतं. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू असलेली भेट. मग ई८६.०, डिहायड्रेशन. मग बाह्य कारण डब्ल्यू९२.एक्सएक्सएक्सए, बाह्य कारणाचा कोड कधीच पहिला येत नाही. मग जागा वाय९२.६३, कारखाना. मग वाय९९.०, मोबदल्यासाठी केलेलं काम. वाय९३ मध्ये तो नेमकी कोणती क्रिया करत होता हे येतं, पण तसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो सोडला. माहिती नसेल तर वाय९३.९ किंवा वाय९२.९ हे ‘अनिर्दिष्ट’ कोड लावू नका असं सूचनांमध्येच सांगितलंय. नवे कोडर सगळे रकाने भरण्याच्या नादात ते हमखास लावतात.

सलाइनचं काम वेगळं निघालं. ९६३६० साठी सुरू आणि बंद, दोन्ही वेळा लागतात. तीस मिनिटं किंवा कमी असेल तर कोडच लागत नाही. ३१ मिनिटांपासून पहिल्या तासापर्यंत ९६३६०, आणि पुढच्या तासाचा ९६३६१ तेव्हाच जेव्हा पहिल्या तासानंतर तीस मिनिटांहून जास्त वेळ चालू राहिलं असेल, म्हणजे एकूण ९१ मिनिटांपासून. औषधांच्या तक्त्यात सुरू १४:१० होतं, बंदचा रकाना कोरा. किती वेळ चाललं असेल याचा अंदाज बांधणं हा इथला सगळ्यात मोठा मोह असतो. एक लिटर आहे, तासभर तरी लागला असणारच! तसं करता येत नाही. मी नर्सिंगचा शिरेच्या लाइनचा वेगळा तक्ता उघडला आणि तिथे सापडलं: द्रव पूर्ण, १५:२०. सत्तर मिनिटं. म्हणजे ९६३६० एकदा, ९६३६१ नाही. बंदची वेळ कुठेच सापडली नसती तर हायड्रेशनचे पैसे सोडून द्यावे लागले असते. इमर्जन्सीच्या भेटीचा स्तर हॉस्पिटलच्या स्वतःच्या निकषांवर ९९२८४ आला, त्याला मॉडिफायर २५ (भेट वेगळी धरावी अशी खूण), कारण त्याच भेटीत हायड्रेशनही आहे. ईसीजीचा ९३००५. क्लेम ऑगस्टच्या सुरुवातीला गेला.

सप्टेंबरात तो परत आला. डिनायलचं, म्हणजे पैसे नाकारण्याचं, कारण १९: ही कामाशी संबंधित इजा-आजार आहे, जबाबदारी वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या विम्याच्या, कंपनीची. झालं होतं असं, की पेशंटला आणलं तेव्हा खिशात त्याच्या खासगी आरोग्य विम्याचं कार्ड होतं आणि रजिस्ट्रेशनने तेच टाकलं. कोड बरोबर, पण बिल चुकीच्या दारात. यूबी-०४ वर कामावरच्या घटनेसाठी ऑकरन्स कोड ०४ आणि कंडिशन कोड ०२ असतात. तेही भरलेले नव्हते. डॉक्टरांच्या बिलाच्या सीएमएस-१५०० फॉर्मवर हाच प्रश्न दहाव्या रकान्यात सरळ विचारतात, ‘नोकरीशी संबंधित?’ तेव्हा इमर्जन्सीचा टी किंवा एस पासून सुरू होणारा कोड लागला आणि चार्टमध्ये ‘कामावर’ असं दिसलं, की पैसे देणारा कोण टाकलाय हे एकदा बघून घ्या. ते आपलं काम नाही, मान्य. पण दोन सेकंद लागतात.

डिनायलच्या रात्री टीममधली एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, वाय९९ काढून टाक आणि करेक्टेड क्लेम पाठव. तो कुठे कम्पल्सरी आहे?’ बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. बाह्य कारणांचे कोड देशपातळीवर सक्तीचे नाहीत. राज्याने किंवा पैसे देणाऱ्या कंपनीने मागितले तरच बंधनकारक, एरवी ऐच्छिक. मुळात लावलाच नसता तर कुणी हरकत घेतली नसती. मी लीडना विचारलं. ते म्हणाले, ‘क्लेम गेलाय. आता कोड काढलास तर का काढला हे शेऱ्यात लिहावं लागेल. काय लिहिशील?’ लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. शिवाय चार्टची पहिली ओळच ‘कामावर असताना’ अशी होती. इजेचा कोड दिसला की विमा कंपनी सभासदाला अपघाताची प्रश्नावली पाठवते, आणि या पेशंटने ती प्रामाणिकपणे भरूनही दिली होती.

मग वर्कर्स कॉम्पेन्सेशनची फाइल. हा भाग बिलिंग टीमचा, पण कागद आमच्याकडून जायचे म्हणून मी त्यात होते. त्या विमा कंपनीला क्लेम नंबर लागतो, आणि तो मालकाने घटना कळवल्याशिवाय तयार होत नाही. त्याची वाट बघण्यात सप्टेंबरचा बराच भाग गेला. अमेरिकेत कामावर शुद्ध हरपली तर ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे मालकाला ती नोंदवहीत घ्यावीच लागते, उपचार किरकोळ असले तरी. पण त्या नोंदवहीचा आणि विम्याच्या दाव्याचा रस्ता वेगळा आहे, एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नसतं. नंबर आल्यावर बिलासोबत वैद्यकीय नोंदीही मागितल्या. कायद्याने लागतील तेवढ्या नोंदी वर्कर्स कॉम्पेन्सेशनसाठी द्यायला हिपा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, परवानगी देतो. पेशंटचा सगळा जुना इतिहास उचलून पाठवायचा नसतो. इमर्जन्सीची नोंद, ॲडेंडम, शिरेच्या लाइनचा तक्ता, एवढंच गेलं.

तिकडून एकच प्रश्न आला: ॲडेंडम भेटीनंतर इतक्या दिवसांनी का? इथे क्वेरी कामी आली. तिच्यात पुरावे मूळ चार्टमधलेच होते, पर्याय खुले होते, पैशांचा शब्द नव्हता, आणि पाठवल्याची तारीख पहिलं बिल जाण्याच्या कितीतरी आधीची होती. ती जोडली आणि प्रश्न मिटला.

नवं बिल निघालं तोवर ऑक्टोबर लागला होता, आणि १ ऑक्टोबरला आयसीडी-१०-सीएमची नवी आवृत्ती लागू होते. टीममध्ये कुणीतरी विचारलंच, कोड नव्या पुस्तकातून तपासायचे का? नाही. भेटीच्या तारखेला जे पुस्तक लागू होतं तेच, मग बिल कधीही जावो. जुन्या वर्षांच्या फायली आणि मार्गदर्शक सूचना सीएमएस आणि सीडीसी या सरकारी संस्थांच्या साइटवर फुकट मिळतात, त्या उतरवून ठेवा. सीपीटीचं मात्र तसं नाही, तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचा आहे, परवाना लागतो.

उशिराच्या बाबतीत आम्ही बचावलो असं म्हणायला हरकत नाही. बिल सादर करायची मुदत मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, भेटीपासून एक वर्ष असते, पण खासगी योजनांत करारानुसार ती ९० दिवसांचीही असू शकते. पहिला क्लेम खासगी विम्याला वेळेत गेला होता, आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचे नियम राज्याराज्याचे वेगळे. बिलिंगवाल्यांनी या राज्याचा नियम आधीच तपासला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्याच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे जमा झाले. पेशंटच्या नावावर काही निघालं नाही.

याच पेशंटची फॉलो-अप भेट हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये जुलैतच झाली होती, आणि तो चार्ट शेजारच्या टीमकडून विचारायला माझ्याकडे आला. चक्कर पुन्हा आली नाही, रक्तदाब बरोबर, कामावर जायला हरकत नाही, पण भट्टीपुढचा वेळ हळूहळू वाढवावा असं डॉक्टरांनी लिहिलेलं. तिथे टी६७.१एक्सएक्सडी आणि डब्ल्यू९२.एक्सएक्सएक्सडी, डी म्हणजे सक्रिय उपचार संपल्यानंतरची भेट. वाय९२ आणि वाय९९ पुन्हा लावायचे नाहीत, ते पहिल्याच भेटीला एकदा लागतात. ई८६.० सुद्धा नाही, कारण त्या दिवशी त्याला डिहायड्रेशन नव्हतं. आणि पैसे देणारा कोण टाकलाय ते बघून घ्या, असं मी त्या टीमला लिहिलं. तिथेही खासगी विम्याचंच कार्ड लागलेलं होतं.